शेवटच्या खोलीची खिडकी

...आणि वर मलाच म्हणतात, ‘बाबा, तुम्ही बोलू नका!’ अहो, बोलू नका काय? ज्या जागेत मी उघडानागडा हिंडलो, तिथली वाट मी सांगायची नाही? तुम्हाला सांगतो, आमच्या जावईबापूंच्या डोक्यात कुणीतरी भरवलं, की माझ्या लहानपणची दगडखाण आता ‘ऐतिहासिक परिसर’ झालीय. म्हणजे बघा, आम्ही राहत होतो तेव्हा नुसती धूळ होती, आम्ही उठून गेलो आणि लगेच इतिहास झाला! आता तिथं पायवाटा आखल्यात, खांबाखांबावर पिवळे बाण रंगवलेत, फाटकावर नकाशा मिळतो. वाटाड्या नाही. ‘कुणाला विचारायचं नाही बाबा, आपलं आपण शोधायचं!’ हा यांचा मंत्र.

मग मी गेलो कशाला? लेकीसाठी हो! मजुरांच्या खोल्यांची ओळ होती ना, तिच्यातली शेवटची खोली आमची. माझा जन्म तिथला. भोंगा झाला की माझी आई तिथल्या खिडकीत उभी राहायची, वडील खाणीतून वर येताना दिसतात का बघायला. लेक म्हणाली, ‘बाबा, मला ती खिडकी बघायचीय.’ एवढं एकच मागणं पोरीचं!

फाटकातून आत शिरलो आणि मी सरळ डावीकडे वळलो. वळणारच, पाय काय विसरतात? तर मागून हाक, ‘बाबा, बाण उजवीकडे आहे!’ म्हटलं, ‘जावईबापू, हा उतार उतरलं की खोल्याच.’ तर म्हणे, ‘तुम्ही सांगितलंत तर मजाच गेली ना!’ लेकीकडे बघितलं, ती नुसती हसली... नवरा तिचा, करते काय! चला उजवीकडे. ओढ्यापाशी एक खांब, त्याला कुठल्याशा गाईनं मान खाजवून खाजवून पार फिरवून ठेवलेला. मला स्वच्छ दिसत होतं, हा बाण आपल्याला परत फाटकावर नेणार. बोललो? छे! आपलं आपण शोधायचं! धापा टाकत फाटकावर पोचलो, तर जावईबापू नकाशा आडवा धरतायत, उभा धरतायत... ‘अरेच्चा, इथं अजून एक फाटक आहे!’ अजून एक! तोच पहारेकरी, त्यानं गुमान दुसरा नकाशा पुढं केला, आणि यांनी तो घेतलाही!

वाटेत पाट्या. एका पाटीपुढे थांबून यांनी मास्तरांसारखं मोठ्यानं वाचलं, ‘येथील कामगारांचे जीवन साधे, परंतु समाधानी होते.’ कुणी विचारलं होतं हो आम्हाला? एक दिवस भोंगा झाला, सगळे वर आले, माझे वडील आले नाहीत. आई अंधार पडेपर्यंत खिडकीत उभी. सांगायलासुद्धा कुणी फिरकलं नाही. शेवटी गेली बिचारी एकटीच खाणीवर... तिलाही आपलं आपणच शोधावं लागलं! हे आहे का पाटीवर? अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या, पण म्हटलं, ‘जावईबापू, पुढं चला.’

पोचलो एकदाचे. खोल्यांना झक्क रंग, नवी कौलं, पहिल्या खोलीत चहाचं दुकान. मी आपला भराभर शेवटच्या खोलीकडे... आणि दारावर पाटी काय? ‘महिलांसाठी’. स्वच्छतागृह! बाहेर स्टुलावर बसलेली बाई ओरडली, ‘ओ आजोबा, पुरुषांचं मागच्या बाजूला!’ म्हटलं, ‘बाई, माझा जन्म झालाय हो इथं!’ म्हणाली, ‘झाला असेल. आता नाही जाता यायचं.’ बरोबरच आहे म्हणा तिचं.

लेक आत गेली. मी बाहेर उभा, यांचे दोन्ही नकाशे सांभाळत. बऱ्याच वेळानं आली, डोळे भरलेले.

‘खिडकी आहे?’

‘आहे, बाबा.’

‘खाण दिसते?’

‘दुधी काच बसवलीय... काहीच दिसत नाही. पण मी उभी राहिले थोडा वेळ.’

मग जावईबापूंनी माझ्या हातातले नकाशे घेतले, घडी करून खिशात टाकले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, ‘बाबा, आता तुम्हीच सांगा. कुठं जायचं?’

आता विचारतायत! आता काय सांगू, कपाळ? म्हटलं, ‘चला... पुरुषांचं मागच्या बाजूला आहे म्हणे.’