गाळासकट मोजलेले पाणी

मी, कालव्यावरचा पाणी मोजणीदार, वय एकोणपन्नास, राहणार कालवा वसाहत, स्वतः ठाण्यात हजर होऊन सांगतो की, काल सकाळी शाखा अभियंता बाईंबरोबर मी कालव्याच्या मुखाशी मोजणीला गेलो होतो. पाण्यात उतरण्याआधी हात जोडले. हात जोडणे रोजचे, उतरणे नाही; एरवी मोजणी काठावरूनच होते.

मधल्या दारावरचे चौकीदार चोरून पाणी विकतात, अशी कालव्याच्या टोकाकडच्या शेतकऱ्यांची तक्रार आहे. मुखाशी पाणी भरपूर आणि टोकाला चूळ भरण्यापुरते, हा त्यातला पुरावा. मुखाचा आकडा माझा आहे. चौकीदार माझे व्याही आहेत. त्यांना पोलिसांनी ठाण्यात नेले तेव्हा ते मला म्हणाले, "व्याही, पाणी काय मी खिशात घालून नेतो?" गर्दीतून एक जण म्हणाला, "खिशात नाही, घशात."

पाणी मोजण्याची आमची रीत अशी. कालवा वर रुंद, तळाशी अरुंद. दोन्ही रुंद्या मिळवून निम्म्या करायच्या आणि खोलीने गुणायचे. हे ओले क्षेत्रफळ. त्याला वेगाने गुणले की वाहते पाणी निघते. खोली आम्ही काठावर रंगवलेल्या पट्टीवर वाचतो. पट्टीचे शून्य कालवा बांधला तेव्हाच्या तळाशी धरलेले आहे.

काल आत उभा राहिलो तेव्हा पाय गुडघ्यापर्यंत गाळात गेले. बाईंनी काठावरून विचारले, "काका, म्हणजे आपण गाळालाही पाणी म्हणून गुणत होतो?" मी म्हणालो, "होय बाई. सगळेच." आम्ही दोघांनी नव्याने मोजले. गाळ वगळल्यावर मुखाचे पाणी निम्म्यावर आले. वाटेत काही गेलेले नाही. ते मुळात आलेच नव्हते.

बाई म्हणाल्या, "ठाण्यात मी जाते. तुम्ही गेलात तर लोक म्हणतील, सोयरिकीसाठी आकडा फिरवला." म्हणतीलच. संध्याकाळी सासरहून मुलीचा फोन आला. तिने पाण्याचे काही विचारले नाही. माझे जेवण झाले का, एवढेच विचारले.

पहिल्या आकड्यावर सही माझी होती. म्हणून तो चुकीचा आहे, हे मीच सांगत आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी मोजकाठी घेऊन यावे. मी पाण्यात उभा राहीन.

जबाब मला वाचून दाखवला. माझ्या विनंतीवरून हवालदारांनी तो कोठडीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात वाचला. मी सांगितला तसाच आहे. बरोबर आहे.