भाड्याच्या गायी

...आणि वर तो धर्मेंद्र म्हणतो कसा, "काका, गेम तो बराबर है, आपका नेट स्लो है." आता तुम्हीच सांगा, गेमला नेट कशाला लागतं? डबीत घालून सीडी दिलीस ना तू? भाडं घेतलंस, डिपॉझिट घेतलंस, आधार कार्डाची झेरॉक्स घेतलीस, मग त्या सीडीत गेम असायला पाहिजे की नको? तर नाही. सीडीत म्हणे नुसती सुरुवात असते, बाकीचा गेम वरून उतरतो. वरून म्हणजे कुठून, ते धर्मेंद्रलाही माहीत नाही. आणि तो उतरणार कुठून, तर आमच्या सुकदेवआप्पांच्या मोबाईलच्या नेटवरून, जे नेट त्यांच्या उधन्याच्या घरात फक्त संडासाच्या दाराशी येतं. म्हणजे आप्पा तिथं मोबाईल धरून उभे, आतमध्ये टीव्हीवर एक निळी पट्टी गोगलगायीसारखी सरकतेय, आणि कलाबाई पलंगावर बसून विचारतायत, "हाच गेम शे का?"

थांबा, तुम्हाला मुळापासून सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल आप्पांना म्हातारपणी खेळायची हौस आली. हौस कसली? आयुष्य कापडाच्या लूमच्या खडखडाटात गेलं त्या माणसाचं. धरणगावकडून सुरतला आले, उधन्याच्या कारखान्यात लागले, आणि रिटायर झाल्यावर एकच इच्छा होती, शांत बसायचं आणि टीव्हीवर बातम्या बघायच्या. एवढंच. पण त्यांच्या बायकोला, कलाबाईंना, झटका आला. डावी बाजू गेली. पाय सावरला, वाचा सावरली (आणि वाचा जरा जास्तच सावरली, असं आप्पा हळूच म्हणतात), पण डावा हात काही ऐकेना. साड्यांना स्टोन चिकटवायचं काम करायच्या त्या, अख्ख्या गल्लीत त्यांच्याइतकं सुबक काम कुणाचं नव्हतं, आणि आता तो हात मांडीवर नुसता ठेवलेला, कुणी विसरून गेलेल्या पिशवीसारखा.

फिजिओथेरपीच्या पूजा मॅडम यायच्या. त्यांनी दाबायला एक रबरी चेंडू दिला. कलाबाईंनी दोनदा दाबला आणि विचारलं, "हे दाबून निघतं काय?" मॅडम म्हणाल्या, "निघत काही नाही काकू, ताकद येते." झालं, चेंडू पलंगाखाली. ज्यातून काही निघत नाही ते काम कलाबाईंनी जन्मात केलं नव्हतं. शेवटी मॅडमच म्हणाल्या, "व्हिडीओ गेम खेळवून बघा, बोटं आणि अंगठा आपोआप चालतात. पण आवडेल असा हवा, नाहीतर चेंडूसारखंच होईल." पोरगा चेतन इच्छापोरला कंपनीत, कॉन्ट्रॅक्टवर, शिफ्टची ड्युटी. तो म्हणाला, "पप्पा, मी मशीनच विकत घेऊन टाकतो." तेवढ्यात पलंगावरून आवाज आला, "आधी देखसूत, मंग लेसूत."

आधी बघू, मग घेऊ. हे कलाबाईंचं वाक्य आप्पा लग्नापासून ऐकतायत. पंखा घ्यायचा तर दुकानात अख्खी दुपार चालवून बघितला, आणि दुकानदाराला सांगितलं, तुझ्या दुकानात गरम होतं. सोयरीक जमवायला गेल्या तर मुलाच्या घरचं मटण आधी चाखून बघितलं. घरात सगळं अहिराणीतच चालतं त्यांचं, मी आपलं तुमच्यासाठी मराठीत सांगतो, पण हे एक वाक्य मराठीत केलं की त्याचा जीवच जातो. आधी देखसूत, मंग लेसूत.

म्हणून धर्मेंद्र. उधना मेन रोडला त्याचं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान, आणि मागच्या फळीवर गेमची मशीनं, भाड्याने. मशीन न्या, सीडी न्या, आवडलं तर विकत घ्या, नाही आवडलं तर परत आणा. समोरचा माणूस बघून भाषा बदलायची त्याची सवय. आप्पांना पहिल्यांदा गुजरातीत म्हणाला, "रमी जुओ काका, गमे तो लेजो." म्हणजे खेळून बघा, आवडलं तर घ्या. आप्पा खूश. त्यांना वाटलं, हा तर आपल्या घरातलंच वाक्य बोलतोय.

पहिल्या सीडीचं तुम्हाला सांगितलंच. ती निळी पट्टी टोकाला पोचायच्या आत मुदत संपली. म्हणजे आप्पांनी गेम न बघता परत केला, भाडं भरलं, आणि मोबाईलचं नेट संपलं ते वेगळंच.

दुसरी आणली ती मारामारीची. ती लगेच चालू झाली, नशीब. समोर एक आडदांड माणूस उभा, उघडाबंब, मुठी वळून. आप्पा म्हणाले, "दाब, मार त्याला." कलाबाई त्या माणसाकडे बघत राहिल्या. "ह्या माणूसनी मन्हं काय बिघाडेल शे?" आप्पा म्हणाले, "अगं खेळ आहे तो." तोवर त्या माणसाने कलाबाईंच्या माणसाला दोन ठोसे लगावून आडवं केलं होतं. कलाबाई शांतपणे म्हणाल्या, "बघा, त्याचं त्याचं चाललंय. मी कशाला मध्ये पडू?" परत.

मग मोटारींची शर्यत. तीत कलाबाई सगळ्यांना पुढे जाऊ देत होत्या. मागून गाडी आली की या बाजूला. वळण आलं की थांबणार, दोन्हीकडे बघणार. शेवटून पहिल्या आल्या आणि म्हणाल्या, "कुणाला धक्का लागला नाही." आणि खरी गोम तर पुढेच. पूजा मॅडमनी बजावलं होतं, तो बटणांचा रिमोट दोन हातांत धरायचा, चालवायचं डाव्या अंगठ्याने. ह्या बाई रिमोट मांडीवर ठेवून सगळं उजव्या हाताने करत होत्या. डाव्या बाजूची कांडीसुद्धा उजव्याने. आप्पा म्हणाले, "चेतननी माय, डावा हात." तर म्हणायच्या, "त्याला त्रास होतो." जणू शेजारच्यांचा हात आहे. परत.

मग फुटबॉल. "ह्यातले आपले कोणते?" इथंच अडलं. परत.

आप्पा म्हणजे नुसते रिक्षात. उधना दरवाज्याकडचे रिक्षावाले त्यांना ओळखायला लागले. हातात मशीनची पिशवी बघून एक जण म्हणाला, काका, तुम्ही काय रिपेअरिंगचं काम करता का? आप्पांच्या बातम्या तर बंदच, कारण टीव्हीला सगळ्या वायरी गेमच्या लागलेल्या. एकदा वैतागून घरी म्हणाले, "आता एक कुठलाही घे आणि संपव." उत्तर काय आलं ते तुम्हाला मी सांगायला नको. आधी देखसूत...

धर्मेंद्रही कंटाळला होता. त्याने फळीच्या पार टोकावरचं एक जुनं मशीन काढलं, पुसलं, आणि शेतीचा गेम दिला. आप्पा म्हणाले, "शेती? अरे, शेती सोडून तर इथं आलो." पण घेतलं.

घरी लावलं, आणि आप्पांना ते इंग्रजी वाचता येईना, म्हणून नवा गेम सुरू करायच्या ऐवजी त्यांनी दुसऱ्याच ओळीवर दाबलं. ते मशीन भाड्याचं, आधी कितीतरी जणांकडे फिरलेलं, त्यातल्या कुणाचातरी अर्धवट खेळ त्यात तसाच पडलेला होता. तो उघडला. समोर कुंपण मोडलेलं, गोठ्यात शेण साचलेलं, गव्हाण रिकामी आणि गायी माना खाली घालून उभ्या. एक तर बसलेलीच होती.

कलाबाई पुढे सरकल्या. "ह्या गाया कोन्या शेतस?"

"असतील कुणाच्या तरी. थांब, मी बंद करतो, नवीन लावतो."

"हात लावू नका." असा आवाज आप्पांनी झटक्यानंतर ऐकला नव्हता. "उपाशी बांधून गेलाय कुणीतरी. पाणी कुठं आहे ह्यात?"

पाणी होतं विहिरीवर. आता ऐका. बादली उचलायला उजवीकडचं बटण दाबून धरायचं, सोडलं की बादली सांडते. आणि चालायचं डाव्या अंगठ्याने. कलाबाईंनी नेहमीसारखा रिमोट मांडीवर ठेवला, बादली भरली, चालायला उजवा हात डावीकडे नेला, बादली सांडली. पुन्हा भरली, पुन्हा सांडली. आप्पा म्हणाले, "मी चालवतो, तू बादली धर." त्यांनी आप्पांकडे असं बघितलं की आप्पांनी पुढे केलेला हात मागे घेतला. मग त्यांनी तो डावा हात उजव्याने उचलला, कांडीवर नेऊन ठेवला, आणि त्याला म्हणाल्या, "चल."

अंगठा हलेना. कपाळावर घाम आला. मग जरासा हलला, आणि टीव्हीतला माणूस वाकडातिकडा, प्यायल्यासारखा दोन पावलं चालला. भिंतीला धडकला. बादली सांडली. पुन्हा. चेतन ड्युटीवरून येऊन डबा हातात घेऊन दारातच उभा होता, चपला न काढता. किती वेळ गेला कुणास ठाऊक, पण ती बादली गव्हाणीपर्यंत गेली आणि ती बसलेली गाय उठली. कलाबाई म्हणाल्या, "पी बाई." आप्पा उठून संडासाच्या दाराशी जाऊन उभे राहिले. नेटसाठी नव्हे.

मग काय विचारता? सकाळी गोठा, दुपारी चारा, संध्याकाळी कुंपण. अंगठा चालायला लागला, मागून बोटं आली. मुदत संपली तेव्हा आप्पांनी मशीन परत नेलं आणि छाती काढून म्हणाले, "धर्मेंद्र, आवडलं. विकत घेतो. पण हे जुनाट नको, चांगलं दे." धर्मेंद्रने चकचकीत मशीन दिलं, खोकं न फोडलेली सीडी दिली. आप्पांनी वाटेत पेढे घेतले.

लावलं. समोर मोकळी जमीन. ना गोठा, ना विहीर, ना गाय.

"माझ्या गाया?"

"अगं, नवीन आहे ते. नवीन घ्यायच्या."

कलाबाईंनी रिमोट खाली ठेवला. डावा हात उचलून मांडीवर ठेवला, जिथं आधी असायचा तिथं. म्हणाल्या, "मला न दाखवता घेतलंत ना? आयुष्यभर सांगतेय, आधी देखसूत, मंग लेसूत." आणि भिंतीकडे तोंड करून पडल्या. पेढ्याला हात लावला नाही. पूजा मॅडम आल्या, त्यांनाही बोट हलवून दाखवलं नाही. आप्पा म्हणत, "त्या खऱ्या नाहीत गं." तर म्हणायच्या, "मग तुम्ही काय, खऱ्याच आणून देणार होतात का?" आता बोला.

आप्पा धर्मेंद्रकडे. ते जुनं मशीन? "वो तो गया काका, भाडे पे. कतारगाम." कुणाकडे, तर सागर म्हणून हिऱ्याच्या कारखान्यातला मुलगा, बुलढाण्याकडचा. आप्पा नवीन मशीन काखेत मारून कतारगामला. चार जण राहत होते त्या खोलीत, सागर सुट्टीवर होता, टीव्हीसमोर डोकं धरून बसलेला.

"काका, मी हे मशीन जमेल तेव्हा नेतो, माझंच शेत आहे त्यात. मधे ड्युटी वाढली, जमलंच नाही. आता लावलं तर गोठा झाडलेला, कुंपण नीट, वासरूसुद्धा झालंय. मला वाटलं मशीन बिघडलं."

आप्पा त्याच्या शेजारी फरशीवर बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. हात, चेंडू, बादली, सगळं. सागर ऐकत होता. मग त्याने उठून स्वतःच वायरी काढल्या. म्हणाला, "हे तुम्ही न्या, नवीन धर्मेंद्रभाईंना परत करू, मी बोलतो. पण काका, रविवारी मी येणार. शेत माझं आहे."

ठरलं. सागर बरोबरच आला, मशीन लावून द्यायला. कलाबाई उठून बसल्या, गायी एकेक करून बघितल्या, आणि मग त्याच्याकडे वळल्या. आप्पांना वाटलं आभार मानतील.

"तूच का तो? जनावरं बांधून कुठं गेला होतास रे?"

"काकू, ड्युटी..."

"ड्युटी आम्हालाही होती. पोरं उपाशी नाही ठेवली कधी." पोरगा मान खाली घालून उभा. मग कलाबाई म्हणाल्या, "जेवलास का?" आणि पेढ्यांचा पुडा त्याच्याकडे सरकवला. डाव्या हाताने. आप्पांनी बघितलं.

आता दर रविवारी सागर येतो, कलाबाई त्याला नांगरायला लावतात, स्वतः गोठा सांभाळतात, आणि आप्पा दोघांना चहा करून देतात. बातम्या ते शेजारच्या पानाच्या गल्ल्यावर, म्हणजे टपरीवर जाऊन बघतात, उभ्याने. परवा पूजा मॅडमचा फोन आला, "काका, पुढच्या आठवड्यापासून मी येत नाही, काकूंना आता गरज नाही. घरातली कामं त्यांना डाव्या हाताने करायला सांगा. कणीक मळणं, कपडे पिळणं. हात बरा आहे ना आता?"

आप्पांनी आत बघितलं. कलाबाई दोन्ही हातांत रिमोट धरून गोठ्यात रमलेल्या. आप्पांच्या समोर कणकेची परात, मळायला त्यांनीच घेतलेली.

"बरा आहे हो मॅडम," ते म्हणाले. "पण मोकळा कुठं असतो?"