घरातला एक हात

रेमेतबाई : ...इनास, इनासचा पास्कू, पास्कूचा डुमिंग आणि डुमिंगची ही मृणाली. सिस्टर, या घराने प्रत्येक पिढीत देवाच्या कामाला एक माणूस दिले आहे. इनासची धाकटी बहीण मठात गेली. पास्कूचा भाऊ धर्मगुरू झाला. डुमिंगची बहीण आजही नाशिककडे आजाऱ्यांची सेवा करते. आता पाळी माझ्या नातीची आहे. आणि तुम्ही तिच्या शाळेच्या सिस्टर, रोह्याहून एवढ्या उन्हात पेणला येऊन मला सांगता, की हिला देवाचे पाचारण नाही?

सिस्टर नम्रता : पाचारण नाही असे मी म्हणाले नाही, आजी. मठाचे नाही, एवढेच म्हणाले.

रेमेतबाई : गेल्या रविवारी चर्चमध्ये मिस्सा संपल्यावर मी सगळ्यांसमोर उभी राहून सांगितले. फादरांनी माझा हात हातात घेतला. साऱ्या रामवाडीत मी केक वाटला.

सिस्टर नम्रता : तुम्ही सांगितलेत. हिने काही सांगितले होते?

रेमेतबाई : हिला विचारायचे कशाला? इनासच्या बहिणीला कुणी विचारले होते?

सिस्टर नम्रता : म्हणून तर आता आम्ही विचारतो. बारावीच्या आमच्या कॅथलिक मुलींना रिट्रीटला, प्रार्थना-चिंतनाच्या शिबिराला, नेतो, एकेकीजवळ बसतो. कुणाचे मन नर्सिंगकडे असते, कुणाचे बी.कॉम.कडे, एखादीचे मठाकडे. पण नुसत्या पाळीने आलेली मुलगी आम्ही मठात घेत नाही.

रेमेतबाई : पाळीने आलेली. माझ्या नातीला तुम्ही पाळीने आलेली म्हणता. मृणाली, खाली बघू नकोस. मठ नको, मग काय हवे? फार्मसी?

मृणाली : नाय.

रेमेतबाई : 'नाही' म्हणावे. आपण बोलतो ते लोक ऐकतात.

मृणाली : नाही, आजी. मला आखणी करायचीय.

रेमेतबाई : आखणी? कशाची आखणी? रस्त्याची?

मृणाली : डोळ्यांची. गणपतीच्या. महिपतीकाकांच्या कारखान्यात.

रेमेतबाई : ...सिस्टर, मला जरा पाणी द्या. नको, तुम्ही बसा, तुम्ही पाहुण्या आहात. मृणाली, पाणी आण. आणि आणता आणता सांग, तू हे शिकलीस कधी?

मृणाली : अकरावीपासून. अकाउंट्सची शिकवणी सुटली की कुंभार आळीत जायचे.

रेमेतबाई : आणि मी समजत होते, की पोर हिशेबात इतकी कच्ची कशी, एवढा वेळ बसावे लागते. सिस्टर, तुम्ही व्रतस्थ बाई. 'माझ्याखेरीज दुसरा देव नको' ही दहा आज्ञांतली पहिली आज्ञा मी तुम्हाला सांगायला हवी का?

सिस्टर नम्रता : हिने मला सांगितले तेव्हा मीही असेच पाणी मागितले होते. पण संशय नाताळपासूनच होता. आमच्या गोठ्याच्या देखाव्यातल्या जुन्या मूर्ती हिने रंगवून दिल्या, आणि बाळ येशूपासून मेंढपाळापर्यंत सगळ्यांचे डोळे लांब, कोपरे वर वळलेले. फादर मला म्हणाले, सिस्टर, यंदा आपल्या संत योसेफाला मोदक दाखवायचा राहिला का?

मृणाली : मला तेव्हा दुसरे डोळे येतच नव्हते.

रेमेतबाई : हसू नका, सिस्टर.

सिस्टर नम्रता : मी कुठे हसते?

रेमेतबाई : तुमचा पदर हसतो आहे.

सिस्टर नम्रता : आता हसत नाही. आजी, ही पोर कुंचला घेऊन बसली की हिला मधल्या सुट्टीची घंटा ऐकू येत नाही. प्रार्थनेत मी एवढी शांत मुलगी क्वचित पाहते. मुंबईला कला महाविद्यालयात मूर्तिकला रीतसर शिकवतात, पदवी मिळते. प्रवेशपरीक्षेत हिला गुणही चांगले आहेत.

रेमेतबाई : परीक्षा दिली? कुणाच्या परवानगीने?

मृणाली : पपांच्या.

रेमेतबाई : डुमिंगला ठाऊक आहे. म्हणजे या घरात मीच एक परकी. ठीक. तुम्ही सगळे त्या बाजूला बसा. माझ्या बाजूला मरिया माय आहे. सिस्टर, त्या आलतारावर, घरच्या वेदीवर, पाहा. इनासच्या बापाने आणलेली मूर्ती आहे ती. कित्येक वर्षे तिची नजर विझल्यासारखी होती. या ईस्टरपासून मी रोझरीच्या जपाला बसले की माय माझ्याकडे पाहते. अगदी माझ्याकडे. मी ती खूण मानली, की नातीला मठात धाड.

मृणाली : आजी...

रेमेतबाई : मोठी माणसे बोलत असता मध्ये बोलू नये.

मृणाली : आजी, ते डोळे मी केलेत.

रेमेतबाई : काय म्हणालीस?

मृणाली : ईस्टरच्या आधी, पवित्र आठवड्यात तू कोर्लईला गेली होतीस तेव्हा. बुबुळांचा रंग उडाला होता. तू सारखी म्हणायचीस, मायला आता मी दिसत नाही. म्हणून केले.

रेमेतबाई : त्या डोळ्यांपुढे मी रडले आहे, मृणाली.

मृणाली : ठाऊक आहे.

सिस्टर नम्रता : आजी, पाणी घ्या.

रेमेतबाई : राहू द्या. कुणाला विचारून कुंचला लावलास? त्या चेहऱ्याला दत्तात्रेयाखेरीज कुणाचा हात लागला नव्हता.

सिस्टर नम्रता : दत्तात्रेय कोण?

रेमेतबाई : महिपतीचा बाप. भोगावती नदीचे पाणी घरात शिरले त्या वर्षी माय आलतारावरून पडली आणि चेहरा दुभंगला. लोक म्हणाले, गोव्याला पाठवा. माझ्या नवऱ्याने, पास्कूने, तिला चादरीत गुंडाळले आणि सरळ कुंभार आळीत नेले. मी मागोमाग गेले, भांडायलाच गेले. पण तो माणूस अंघोळ करून आला, चपला उंबऱ्याबाहेर काढल्या आणि मला म्हणाला, 'बाय, तुमच्या ह्या आईच्या डोल्यांत काय असतं, ते सांगा.' मी म्हणाले, माया असते, आणि लेकराची काळजी. मग त्याने कुंचला उचलला.

सिस्टर नम्रता : आणि मोबदला?

रेमेतबाई : घेतला नाही. म्हणाला, 'माझ्याकडं कधी हात कमी पडला, तर तुमच्या घरातला येक हात द्या.' पास्कूने शब्द दिला. घरी येताना मी त्याची थट्टा केली. म्हटले, आपल्या घरात सरळ रेघ तरी कुणाला ओढता येते? पास्कू गेला, दत्तात्रेय गेला. शब्द तसाच राहिला.

मृणाली : महिपतीकाका हे मला कधीच बोलले नाहीत.

रेमेतबाई : बोलणार नाही. बापाने पुन्हा कधी आठवण दिली नाही, मुलगा काय मागणार? त्याचे बरे चालले आहे ना?

मृणाली : त्यांचा हात थरथरतो आता. त्यांचा मुलगा आदेशदादा रोह्याला कंपनीत शिफ्ट करतो, त्याला यात रस नाय... नाही. कारखान्यातल्या सगळ्या मूर्तींचे डोळे एकाच हातानं करायचे, अशी त्यांची रीत. डोळ्यांशिवाय मूर्ती बाहेर जात नाही. काल रंगाची वाटी माझ्याकडे सरकवून म्हणाले, 'या साली बिनडोल्यांच्याच ऱ्हातील गो बाय.'

रेमेतबाई : असे म्हणाला? दत्तात्रेयाचा मुलगा?

मृणाली : हो.

रेमेतबाई : ...सिस्टर, तुमच्या त्या महाविद्यालयाचे वर्ग कधी भरतात?

सिस्टर नम्रता : प्रवेश पुरे होईपर्यंत गणपती उरकतील.

रेमेतबाई : मग मुंबई त्यानंतर. आधी या घराचा शब्द. मृणाली, उद्या सकाळी अंघोळ करून जा. चपला उंबऱ्याबाहेर काढ. महिपतीला सांग, पास्कूच्या घरातला हात आला आहे. आणि आधी त्याला विचार, त्यांच्या देवाच्या डोळ्यांत काय असते. विचारल्याखेरीज कुंचला उचलायचा नाही.

सिस्टर नम्रता : आणि फादरांना काय सांगायचे?

रेमेतबाई : ते माझ्याकडे सोडा. रविवारी मी पुन्हा उभी राहीन. माणूस दिले, ठिकाण तेवढे चुकीचे सांगितले, असे सांगेन. केक मात्र परत वाटणार नाही.

(गणेश चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी, त्याच आलतारासमोर.)

मृणाली : झालं, आजी. शेवटची मूर्ती आत्ताच टेम्पोत चढली.

रेमेतबाई : एकही मागे राहिली नाही?

मृणाली : एकही नाही. बिनडोळ्यांची तर नाहीच.

रेमेतबाई : बोटे दाखव. धुतली नाहीस वाटते.

मृणाली : धुतली. काळा रंग लवकर जात नाही.

रेमेतबाई : असू दे. तू विचारले होतेस ना?

मृणाली : पहिल्याच दिवशी. म्हणाले, 'लेकरू दारात आलं ना, की वलखायची नजर असते.'

रेमेतबाई : ...हेच? आणखी काही नाही?

मृणाली : एवढंच. मला तू दत्तात्रेयांना सांगितलेलं आठवलं, माया आणि लेकराची काळजी. आणि आज निघताना त्यांनी माझा हात हातात धरला. म्हणाले, 'आजीला सांग, बाबानं मागितलेला हात पोचला. पुरा पोचला.' त्यांना सगळं ठाऊक होतं, आजी.

रेमेतबाई : ठाऊक असणारच. दत्तात्रेयाचा मुलगा आहे.

मृणाली : रडतेस?

रेमेतबाई : दिवा लाव. आजची रोझरी पास्कूच्या नावाने. त्याला कळवायचे आहे.