भट्टीपर्यंत येणारा आवाज

सोनाजी : बावीस? शंभरातले बावीस? मॅडम, आधी तुमचा चष्मा बदला. ह्या मोबाईलमदी माझ्या पोरीला रोज पंच्याण्णव पडून राहिलेत. हे बघा. सोमवार पंच्याण्णव, मंगळवार सत्त्याण्णव, बुधवारी तर...

कोमल मॅडम : सोनाजीभाऊ, बसा आधी. शाळा सुटलीय, पण पोरं अजून खिडकीत आहेत.

सोनाजी : आसू द्या. सकाळी पालक सभेत सगळ्यांपुढं बावीस वाचलं, तव्हा न्हाई वाटलं काही? माझा साडू मागंच बसला व्हता. आख्ख्या कनेरगाव नाक्याला म्या सांगून ठेवलं, आमची आरोही नवोदयला लागती म्हणून. माझ्या ढाब्यावर जेवायला थांबणाऱ्या ट्रकवाल्यांलाबी हे मार्क दाखवले. आता कोणत्या तोंडानं वाढू त्यांला?

कोमल मॅडम : सगळ्यांचेच मार्क वाचले मी. एकट्या आरोहीचे नाहीत. परीक्षेला अठरा दिवस राहिलेत, आज नाही सांगायचं तर कधी? निकालानंतर?

सोनाजी : तुमचा पेपरच चुकला आसंल.

कोमल मॅडम : नवोदयचाच मागच्या वर्षीचा पेपर आहे तो, सरावाला दिलेला. हे घ्या, तुम्हीच बघा. अपूर्णांक सगळे चुकलेत. आणि इथं उतारा वाचून उत्तरं द्यायची होती. तिनं ओळीनं सगळीकडं दोन नंबरचाच गोल काळा केलाय. उतारा वाचलेलाच नाही.

सोनाजी : आरोही! काहून न्हाई वाचला गं?

आरोही : लई मोठा व्हता.

सोनाजी : मोठा व्हता! बघा मॅडम, हे शाळेत शिकून राहिली. घरी मोबाईलवर बराबर करती, शाळेत आली की बावीस. मग दोष कोणाचा?

कोमल मॅडम : घरी ती कशावर अभ्यास करते ते दाखवा मला. हे कोणतं ॲप आहे? माझ्या यादीत तर हे नव्हतंच.

सोनाजी : तुमची यादी! सात नावं टाकले तुमी ग्रुपवर. सात! माणसानं भजे तळावे का सात ॲप लावून बघावे?

कोमल मॅडम : म्हणून नंतर लिहिलं होतं की त्यातली दोनच ठेवा, लेकरासोबत बसून बघा. तुम्ही त्याला नुसतं हात जोडलेलं चित्र पाठवलंत.

सोनाजी : सगळ्यांनीच पाठवले. मॅडमनं काही टाकलं की हात जोडतोच आमी. वाचायला कोणाला टाइम हाय?

कोमल मॅडम : मग राग माझ्यावर कशाला काढताय! लिहायचं मी, वाचायचं कुणी नाही, आणि मार्क कमी पडले की चष्मा माझा खराब! बरं, सात नावं एकदम टाकली ही माझी चूक. वरून यादी आली, मी पुढं ढकलली. त्यातली चार मी स्वतःही उघडून बघितली नव्हती. झालं समाधान? आता सांगा, हे कुठून आणलंत?

सोनाजी : चाँद पाशाच्या मोबाईल दुकानात जाऊन बसलो. त्यानं पाच लावून दाखवले. त्यातलं हे निवडलं.

कोमल मॅडम : काय बघून?

सोनाजी : बघून न्हाई. ऐकून.

कोमल मॅडम : म्हणजे?

सोनाजी : ह्यातली बाई मोठ्यानं 'शाब्बास' म्हणती ना, त्याच्यावरून. बाकीचे चार नुसते टिंगटिंग करीत व्हते. माझे दोनी हात पिठात, समोर भट्टी, हिची आई आत पोळ्या लाटती, भाईर गाड्यांचा आवाज. आरोही बसती गल्ल्यापाशी. मला काय दिसतंय? पण 'शाब्बास' आलं की कळतंय, लेकरू अभ्यास करून राहिलं. दहा मिनटं आवाज न्हाई आला की मी हाक मारतो. रोज ध्यान ठेवतो मॅडम. कोणता बाप ठेवतो एवढं?

कोमल मॅडम : सुरू करा ते. आता, माझ्यासमोर.

सोनाजी : करतो ना. मला काय भ्या हाय? हे घ्या. हे... तीन आंबे. किती आंबे? तीन.

कोमल मॅडम : आली शाब्बास. पुढचं?

सोनाजी : यातली गाय कोणती. ही. आली बघा शाब्बास. पुढं... लाल रंगाचा फुगा. मॅडम, हे काय हाय?

कोमल मॅडम : मी तेच विचारतेय. वरच्या कोपऱ्यात काय लिहिलंय, वाचा.

सोनाजी : इयत्ता... पहिली. न्हाई न्हाई! पाचवी लावली व्हती म्या. सोताच्या हातानं! चाँद पाशाला विचारा. आरोही, कोणी केली पहिली?

आरोही : (मॅडमच्या मागं सरकत) मॅडम...

सोनाजी : मी इचारून राहिलो! पाचवीतली पोरगी आंबे मोजून पंच्याण्णव आणती, आन् बाप ते गावभर दाखवत फिरतो! फसवलंस मला! हिकडं बघ!

कोमल मॅडम : हात खाली घ्या, सोनाजीभाऊ. माझ्या वर्गात नाही. बोल आरोही, मी आहे इथं.

आरोही : पाचवीचंच करीत व्हते आधी. पण त्याचे गणितं अवघड व्हते. वहीवर करून बघावं लागायचं. तवर मोबाईल गप ऱ्हायचा. मग बाबा आतून वरडायचे, खेळून राहिली का म्हणून. एकदा तर झारा घेऊनच भाईर आले.

सोनाजी : तव्हा तू खेळतच व्हतीस.

आरोही : न्हाई. भागाकार करीत व्हते. चार गिऱ्हाईकं बसले व्हते, त्यांच्यापुढं शिव्या देल्या तुमी. मग मी पहिली लावली. पहिलीत लवकर लवकर शाब्बास येतंय.

सोनाजी : मला सांगायचं व्हतं ना मग!

आरोही : सांगितलं. तुमी म्हणले, गाडी लागली, नंतर सांग.

(सोनाजीच्या हातातला मोबाईल आपणहून 'चला, पुढचा प्रश्न' म्हणतो.)

सोनाजी : बंद करा हिला. मॅडम, काढून टाका हे. आत्ताच्या आत्ता.

कोमल मॅडम : मी नाही काढणार. ॲपनं काही केलेलं नाही. ते ज्याच्यासाठी आहे, त्या पहिलीच्या लेकराला चांगलंच आहे. आरोहीला पाचवीचं लावा आणि आवाज बंद ठेवा.

सोनाजी : आवाज बंद केला तर मला भट्टीवर कळंल कसं?

कोमल मॅडम : नाही कळणार. अर्धा तास तिच्यापाशी बसावं लागेल.

सोनाजी : सांगायला सोपं हाय! संध्याकाळी गाड्या रांगेत लागतेत. कढई कोण बघंल, तुमी? आन् बसून तरी काय करू? मला सोताला भागाकार येतो का?

कोमल मॅडम : भागाकार ती करील. चुकलेलं वहीत घेऊन माझ्याकडं येईल, मी रोज शाळा सुटल्यावर अर्धा तास थांबते. तुम्ही फक्त ओरडू नका. एवढं तरी जमेल?

सोनाजी : अठरा दिवसांत व्हईल का तिचं?

कोमल मॅडम : खोटं सांगणार नाही. अवघड आहे. भागाकारापासून सुरू करू.

सोनाजी : ...आरोही, दप्तर उचल. आजपासून गल्ल्यापाशी न्हाई बसायचं. भट्टीच्या बाजूला माझा लाकडी स्टूल हाय, तो तुझा. मला दिसशील आसं बस.

आरोही : मोबाईल घेऊ?

सोनाजी : घे. पण हिचा आवाज बंद कर. मला येत न्हाई करायला.

आरोही : आन् मी लई वेळ गप बसले तर?

सोनाजी : तर मी समजीन, गणित करून राहिलीस.