मेव्हण्याच्या ट्रकचं ॲव्हरेज

तुमच्यापैकी कुणाच्या मेव्हण्याकडे ट्रक आहे का? नसेल तर सुखी आहात. माझा मेव्हणा विलास याने ट्रकच्या टपावर देवीच्या नावाचा भलामोठा बोर्ड चढवला, रुंद टायर घातले, पुढे जाडजूड लोखंडी बंपर लावला. आमच्या मुलुंडच्या सोसायटीत लोक त्या ट्रकबरोबर फोटो काढू लागले. इतकी वर्षं मी तिथे राहतोय, माझ्याबरोबर कुणी काढला नाही.

एका रविवारी तो नेहमीसारखा आमच्याकडे जेवायला आला, तेव्हा मी विचारलं, "गाडी ॲव्हरेज काय देते रे?"

त्याचा घास हातातच राहिला. "लिटरला सहा द्यायची, भावोजी. आता चारवर आलीय. पंपवाला चोर आहे."

मला श्रीखंड एकदम जास्तच गोड लागलं. "पंपवाला कशाला? बोर्ड वारा अडवतो, रुंद टायर जड फिरतात आणि तो बंपर तू फुकट वाहून नेतोस!"

बायको म्हणाली, "नोकरीत असताना एक फाइल शेजारच्या टेबलावर न्यायला तुम्हाला आठवडा लागायचा. तुम्ही ॲव्हरेज शिकवू नका."

विलासने मात्र गुपचूप सगळं उतरवलं. गाडी पुन्हा सहावर आली. आता दर रविवारी चेकनाक्यावरचे ड्रायव्हर त्याचा सल्ला घ्यायला आमच्याच घरी येतात. वारा, टायर, बंपर, सगळं माझ्याच शब्दांत.

परवा मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आलो, तर एकाने विचारलं, "हे कोण?"

"आमचे भावोजी," विलास म्हणाला. "गाडीतलं काही कळत नाही त्यांना, पण चहा झकास करतात."