थुंकायचं सर्टिफिकेट

...थुंकायची! अहो, थुंकायची! प्यायची नाही, गिळायची नाही, नुसती तोंडात घ्यायची, चूळ भरल्यासारखी इकडून तिकडे फिरवायची, डोळे मिटून विचार करायचा, आणि... थू! मला सांगा, हे कुठल्या शास्त्रात बसतं? सातासमुद्रापलीकडनं आलेली, तळघरात वर्षानुवर्षं आडवी झोपवून वाढवलेली ती दारू, आणि आमचा राघो ती थुंकणार, आणि नीट थुंकता आली की त्याला सर्टिफिकेट मिळणार! चोरून पिणारे पाहिलेत, औषध म्हणून पिणारे पाहिलेत, आमच्या गावात तर पाऊस आला म्हणून आणि आला नाही म्हणून पिणारे पण आहेत, पण अभ्यास म्हणून थुंकणारा... आमच्या घराण्यात पहिलाच!

तुम्हाला सांगतो, राघो म्हणजे माझा चुलतभाऊ. मी नाथा. घराला घर लागून. ठाण्याच्या खाडीकडचं आमचं गाव, आता वर्तकनगरच्या बाजूनं बिल्डिंगी सरकत सरकत पार आमच्या मिठागरापर्यंत आल्यात, पण गाव अजून गावच. सत्त्याण्णव सालची गोष्ट. राघो मुंबईतल्या एका फाइव्ह स्टारमध्ये वेटर, तर एक दिवस मॅनेजर त्याला म्हणाला, ‘राघो, इंग्लंडचा कोर्स आलाय वाइनचा, पास झालास तर तुला सॉमेलिए करतो.’ आता सॉमेलिए म्हणजे कोण? तर कुठल्या जेवणावर कुठली वाइन बरी लागेल ते गिऱ्हाइकाला सांगणारा, बाटली अदबीनं उघडणारा, अदबीनं ओतणारा... काळा कोट, छातीवर द्राक्षाच्या घोसाचा बिल्ला! राघो त्या बिल्ल्यावर असा भाळला, की बघायला गेलेल्या मुलीवरसुद्धा कोणी इतकं भाळत नाही.

पण घरी गोमाजीकाका! राघोचा बाप. काकाचा खाडीतल्या रेतीचा धंदा, चार होड्या, आणि आवाज असा की पलीकडच्या काठावरचा माणूस ओ देतो. काका म्हणाला, ‘आरं, दारू ओताचा शिक्षन? आपले हलदीला पोरा रातभर ओततान, त्यांना कोनी सर्टिफिकेट दिला? जल्ला तुजा शिक्षन!’ मग काकानं अट घातली. ‘पास जालास तं र्‍हा तुजे हाटेलान. नापास जालास तं गपचिप रेतीचे होडीवर बसाचा. जनमभर!’ आणि राघोला होडी लागते हो! खाडीकाठी जन्मला, पण होडीत पाय टाकला की पोटातलं सगळं वर. म्हणजे बघा नशीब, पास झाला तर थुंकायचं आणि नापास झाला तर ओकायचं!

शिकवायला होते डोंबिवलीचे प्रभाकर सर. बरीच वर्षं बोटीवर काढलेला माणूस, साहेबलोकांना वाइन पाजून पाजून केस पांढरे झालेले, पण भाषा एकदम शुद्ध. ‘राघो, घाई नको. आधी रंग पाहा. मग वास घ्या. मग घोट. आणि घोट गिळू नका हं, गिळलात तर शेवटच्या ग्लासापर्यंत वाइन कुठली आणि फुलदाणीतलं पाणी कुठलं, हेही कळणार नाही. थुंका.’ दर रविवारी सरांच्या घरी जादा क्लास, आणि राघोला सोबत म्हणून मी. का? अहो, माणुसकी! आणि म्हटलं, जिथं खऱ्या बाटल्या उघडतायत तिथं एखादा थेंब वाट चुकून आपल्याकडे येईल की नाही? तर पहिल्याच रविवारी मी आपला अलगद ग्लास पुढे केला. सर म्हणाले, ‘आपण विद्यार्थी का?’ म्हटलं, ‘नाही सर, मी सोबत आलेलो.’ ‘असं होय. मग चहा घ्या.’

चहा! समोर फ्रान्स, बाजूला इटली, आणि मी चहा पितोय! आणि ती फ्रान्स-इटली माझ्या डोळ्यांदेखत बादलीत... थू! बरं, थुंकण्याची पण रीत. पिचकारी सरळ गेली पाहिजे, आवाज कमी, शिंतोडा नाही. राघोला कुठं जमतंय? मग तो घरी काकाची पानाची पिकदाणी समोर ठेवून पाण्यानं सराव करायचा. इकडे सरांच्या खालच्या मजल्यावरच्या कलावतीबाई जिन्यात सरांना गाठून विचारायच्या, ‘अहो, दर रविवारी तुमच्याकडून थू-थू काय ऐकू येतं? कुणाला बरं नाही का?’ सर म्हणायचे, ‘नाही वहिनी, क्लास असतो.’ ‘अगंबाई! गाण्याचा?’

आणि ते वास! तुम्हाला सांगतो, राघो वासानं पिसाटला होता. चपलेचा वास घ्यायचा, पेन्सिल सोलून हुंगायचा, बाजारात गेला की भाजीवालीच्या टोपलीत नाक. पुस्तकात लिहिलेलं, या वाइनला ब्लॅककरंटचा वास येतो. ब्लॅककरंट आमच्या सात पिढ्यांत कोणी पाहिलंय? सर म्हणाले, ‘तूर्त जांभूळ समजा.’ आणि एका पांढऱ्या वाइनबद्दल लिहिलेलं, हिला मांजराच्या मुताचा वास येतो, आणि तीच तिची ओळख! काकानं ते ऐकलं आणि कपाळाला हात लावला. ‘मांजरीचा मूत? आन तो पैसं देऊन घेतान?’ म्हटलं, ‘काका, नुसता घेत नाहीत. घेतात... आणि थुंकतात!’

आता ओतायचा सराव. घरी वाइन कुठली, बाटलीत कोकमाचं पाणी. काका यजमान, गोदाकाकी पाहुणीबाई, मी उरलेला पाहुणा. राघो वाकून काकाला बाटलीवरचं लेबल दाखवणार, बूच काढणार, काकाला घोटभर चाखायला देणार, काकानं मान हलवली की मग बाईला आधी, बाकीच्यांना नंतर, आणि यजमानाला सगळ्यात शेवटी. झालं, काका खवळला! ‘घर माजा, बाटली माजी, आन मी शेवटला?’ काकी तर पदर तोंडाला लावून म्हणाली, ‘मना पयली? नको रं बाला, आदी त्यांना दे.’ राघो म्हणाला, ‘आये, नियमच तसा आहे.’ उभा जन्म त्या बाईनं सगळ्यांची पानं उठल्यावर टोपातलं खरवडून खाल्लं, तिला पहिल्यांदा कोणीतरी सगळ्यांच्या आधी वाढलं. ते कोकमाचं पाणी ती इतकं सावकाश प्यायली, की खरं सांगतो, मला गलबलून आलं. काकानंसुद्धा मग आपला ग्लास शेवटी पुढे केला.

तर आली परीक्षा! मी बाहेर, हॉटेलच्या सोफ्यावर. आतलं नंतर राघोनं सांगितलेलं सांगतो. लंडनचा साहेब आलेला, नाकाचा शेंडा लाल. वाइन ओळखायची परीक्षा झकास झाली, राघो एकेक घोट घेतोय, वास सांगतोय, देश सांगतोय, आणि पिचकारी अशी सरळ, की साहेबसुद्धा बघत राहिला! मग ओतायची परीक्षा. साहेब यजमान, बाजूला त्याची मॅडम पाहुणी. राघोनं लेबल दाखवलं, बुचाचा आवाजसुद्धा येऊ दिला नाही, आता साहेबाला घोटभर चाखायला द्यायची...

आणि इथं घात झाला! अहो, आमच्याकडे पद्धत आहे. हळद असो, साखरपुडा असो, बाटली उघडली की पहिली धार जमिनीवर, गावदेवीची. मग माणसांची. राघो लहानपणापासून हळदीत ओततोय, हाताला वळणच ते! सरावात कधी झालं नाही, कारण क्लासात बाटल्या सरच उघडायचे, आणि घरच्या कोकमाला कोण धार घालतो? पण ही खरी होती, बूच निघालं, वास आला, आणि हात आपोआप खाली गेला. लाल वाइन. पांढरा गालिचा!

साहेब म्हणाला, ‘व्हॉट वॉज दॅट?’ राघोला समोर काय दिसलं असेल? होडी! रेतीनं भरलेली, डुलणारी होडी! तरी कसाबसा म्हणाला, ‘सर... फर्स्ट फॉर अवर व्हिलेज गॉडेस.’ साहेबानं भुवया चढवल्या. ‘बिफोर द लेडी?’

राघो म्हणाला, ‘सर, शी इज आल्सो लेडी. लेडीज फर्स्ट.’

मॅडम खो खो हसली. साहेब हसला नाही, कागदावर काहीतरी लिहीत बसला. निकाल लागेपर्यंत राघो रोज खाडीवर जाऊन होडीकडे बघून यायचा, देवीला नारळ बोलायचा, जेवणावरची वासना उडाली पोराची. मग सरांचा फोन आला. ‘अभिनंदन राघो. काठावर पास. सांडल्याचे गुण गेले. पण कुणाला आधी वाढायचं, त्याचे पूर्ण मिळाले.’

अहो, काका नाचला! आणि लगेच राघोच्या बहिणीची, मालूची हळद होती. काकानं मांडवात जाहीर करून टाकलं, ‘आज माजा पोरगा ओतनार! विलायती पास हाय!’ बेंजो वाजतोय, पोरं हळदीनं पिवळी झालीत, आणि मधे राघो काळा कोट घालून, बिल्ला लावून, हातावर पांढरा रुमाल टाकून एकेका म्हाताऱ्याला वाकून देशीच्या बाटलीचं लेबल दाखवतोय! दामाजीआबा, गावातले सगळ्यात वडील, ते म्हणाले, ‘मना वाचाला येत नाय रं, ओत!’ पहिली धार देवीला झाली, कोणी मार्क कापले नाहीत. मग काकी, मग बाकीचं गाव. सगळ्यांचे ग्लास भरून झाले तेव्हा राघोनं कोट काढला, माझ्या बाजूला बसला, आणि दमूनभागून आपला ग्लास पुढे केला.

दामाजीआबांनी बाटली पोटाशी धरली. ‘तुना कशाला? तू तं थुकतंस! फुकट जाईल.’ आणि सगळा मांडव म्हणाला, बरोबर आहे, बरोबर आहे! मी घाईघाईनं माझा ग्लास पुढे केला, म्हटलं, ‘आबा, मी नाही थुंकत!’ तर आबा म्हणाले, ‘दर रयवारी डोंबिवलीला कोन जायचा? तू पन त्याच शालेचा!’

तेव्हापासून आजतागायत, गावात कुणाचीही हळद असो, ओतायला राघो, ग्लास पुसायला मी, आणि शेवटी दोघांच्या हातात कोकम. राघोचं ठीक आहे हो, त्याला नोकरी मिळाली, बिल्ला मिळाला, होडी टळली. तो थुंकून थुंकून साहेब झाला. पण मला... तुम्हाला सांगतो... मला तर थुंकायलासुद्धा मिळाली नाही!