भुंकणारी मनी

ट्रॅफिकचं कारण ओठांवर तयार ठेवून बाप तासभर उशिरा दातांच्या दवाखान्यात पोचला. बाकावर पाठमोरी बसलेली लेक मावशीशी कोडी खेळत होती. तो दारातच थबकला.

"सगळ्या मांजरी भुंकतात. आपली मनी मांजर आहे. मग?"

"मनी भुंकते!"

"अगंबाई! कधी भुंकली गं?"

"कोड्यात सगळं खरं धरायचं असतं, मावशी."

"बरं, आता हे सांग. सगळे बाबा दिलेला शब्द पाळतात. तुझ्या बाबांनी आज इथे यायचा शब्द दिलाय. मग?"

"मग तू येतेस."

"अगं, कोड्यात खरं धरायचं ना? आत्ता तूच म्हणालीस."

"मनीचं धरता येतं गं."